घरचं नाक

आमच्या घरात कुणी पीत नाही. सासरे माळकरी, सासूबाई माळकरी, नवऱ्यानं लग्नाआधीच आईला शब्द दिलेला. आणि धंदा वाईनचा! कन्नडच्या पुढं घाटाकडं रस्ता चढायला लागला की द्राक्षांचे मळे लागतात, त्यांच्या वरच्या अंगाला पांढऱ्या पत्र्याची लांबलचक शेड दिसते. ती आमची वायनरी. शनिवारी-रविवारी शहरातून गाड्या भरून लोक येतात, ग्लास मांडून बसतात, आणि बनवणाऱ्या घरात कुणी थेंबाला शिवत नाही हे ऐकलं की खो-खो हसतात. त्यांच्याबरोबर मीही हसते. इतकी वर्षं तेच हसू हसून जबडा दुखायला लागलाय.

या पाहुण्यांना घराण्याचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडं. आजेसासऱ्यांनी मुरमाड डोंगर फोडून पहिली वेल लावली, लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. मग सासऱ्यांनी नाशिककडं जाऊन वायनऱ्या पाहिल्या, परत येऊन शेड उभी केली. मग माझा नवरा. भिंतीवर तिघांचे फोटो ओळीनं लावलेत. "सासऱ्यांनी जिभेवर थेंब न ठेवता, नुसत्या अंदाजानं ही वाईन घडवली," असं मी सांगते आणि लोक वा-वा करतात. अंदाज कसला डोंबलाचा! तो अंदाज म्हणजे मी.

झालं असं. माझं माहेर शहरात, उस्मानपुऱ्यात, शिक्षण मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी. स्थळ आलं तेव्हा वडील म्हणाले, द्राक्षबागायतदार आहेत. वाईनचा विषय त्यांनी सफाईनं टाळला. लग्न होऊन महिनाही झाला नसेल, शेडमधला नाशिकचा जाणकार माणूस जास्त पगारावर दुसरीकडं निघून गेला. मी चहा घेऊन शेडमध्ये गेले होते. डोक्यावर पदर, हातात ट्रे. एका टाकीपाशी थांबले आणि पटकन बोलून गेले, "हिला नेलपॉलिशचा वास येतोय, ही बिघडायला लागलीय." सासरे माझ्याकडं बघतच राहिले. नमुना तपासायला पाठवला. माझं खरं निघालं. टाकी वेळेवर वाचली, आणि मी अडकले.

सासऱ्यांना आमच्याकडं सुना मामा म्हणतात. मामा तसे वाईट नाहीत, आवाज चढवून बोललेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "पोरी, बाहेरचा मानूस ठेवला की तो शिकतो अन् दुसऱ्याकडं पळतो. घरचं नाक पळून जात नाय." मला तेव्हा कौतुक वाटलं. बावळट होते मी.

त्यानंतर घरात माझ्या नाकाचे नियम झाले. वास घ्यायचा, पण चव घ्यायची नाही, कारण वासानं माळ बाटत नाही आणि घोटानं बाटते. आता नुसत्या वासावर वाईन कळते का? मी दाराआड घोट घ्यायची, तोंडात फिरवायची, बेसिनमध्ये थुंकायची. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, ते ठाऊक होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. फक्त शेडमधून आल्यावर चूळ भरून, पाय धुतल्याशिवाय त्यांनी मला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. हंगामात गजरा बंद, अत्तर बंद, कच्चा कांदा बंद. मी ग्लास घेऊन बसले की घरात फोडणी पडायची नाही. धाकट्या बहिणीचं लग्न नेमकं द्राक्षं तोडायच्या दिवसांत आलं. अक्षता टाकल्या आणि न जेवता परत निघाले. मला शिंक आली की घरभर पळापळ. कुणी आल्याचा काढा आणतंय, कुणी वाफ. माझ्या सर्दीला त्या घरात जेवढा मान होता, तेवढा मला नव्हता.

नवऱ्याला किती वेळा म्हटलं, अहो, तुम्ही शिका ना हे. त्याचं नाक बारा महिने चोंदलेलं. "मला तर डांबरगोळीचाबी वास येत नाय," म्हणायचा आणि वर हसायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सोडून जावं तर टाकी बिघडेल, टाकी बिघडली तर घर बसेल, आणि त्या घरात माझीच लेक वाढतेय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

मग कोरोना आला. घरात सगळ्यांना होऊन गेला, सगळे बरे झाले, माझा वास तेवढा गेला. पार गेला. हिंगाची डबी नाकाला लावली तरी काही नाही. मामांचा चेहरा पडला. आत्याबाईंनी खुलताबादच्या मारुतीला नवस बोलला. सुनेच्या नाकासाठी नवस करणारी सासू तुम्ही कुठं पाहिलीय का? महिने गेले, पुढचा हंगाम गेला, दोन टाक्यांचं व्हिनेगर झालं, ती वाईन ओतून द्यावी लागली. नमुने तपासायला बाहेर जायला लागले, त्याचे निकाल यायचे उशिरा. हळूहळू मला शेडमध्ये बोलावणं बंद झालं. शनिवारी इतिहास सांगायचा, एवढंच उरलं.

खरं सांगते, तेवढी सुखी मी त्या घरात कधीच नव्हते. गजरे माळले. कच्चा कांदा फोडून भाकरीबरोबर खाल्ला, वास नसला म्हणून काय झालं! आणि एक दिवस कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला. तिनं शहरात दूध, पाणी, मसाले तपासायची प्रयोगशाळा काढली होती. उस्मानपुऱ्यातच, माझ्या आईच्या घरापासून चालत जाता येईल अशी. म्हणाली, "ये ना, मला तुझ्यासारखं माणूस पाहिजे. इथं नाक नाही लागत, डोळे लागतात." मी घरात विषय काढला. मला वाटलं रामायण होईल. मामा म्हणाले, "जा. इथं बसून तरी काय करतीस?" आठवडाभर आईकडं राहायचं, शनिवारी-रविवारी डोंगरावर यायचं, असं ठरलं. लेकीची बारावी झाली होती, तिला पुण्याच्या डिझाईन कॉलेजात प्रवेश मिळाला होता. ती गेली की मीही निघणार. मी नवीन पर्स घेतली. डबा घेतला, चार पुडाचा.

आणि त्याच आठवड्यात मला बोकडाचा वास आला.

शेजारच्या वस्तीवरचा बोकड कुंपणापाशी उभा होता. इतक्या महिन्यांनी पहिला वास आला तो मोगऱ्याचा नाही, मातीचा नाही, बोकडाचा! मी तिथंच उभी राहून रडले. मग घाबरले. मग घरात गेले आणि कुणाला काही बोलले नाही. लसूण तडतडला तरी चेहरा कोरा ठेवला. आत्याबाईंनी उदबत्ती नाकासमोर धरून विचारलं, "येतोय का गं काही?" मी मान हलवली, नाही म्हणून. मला त्याची लाज नाही. इतकी वर्षं दिली होती, आता उरलेली माझी होती.

लेकीचं सामान बांधायचं चाललं होतं तेव्हा मामांनी तिला शेडमध्ये बोलावलं. मी दारात उभी. टेबलावर तीन ग्लास मांडलेले, तीन टाक्यांतले. मामा नवऱ्याला म्हणत होते, "आडात हाय म्हटल्यावर पोहऱ्यात येनारच. आईचं नाक पोरीत उतरलं असंल तर आपलं कल्याण झालं."

"आन् पुण्याचं?" नवऱ्यानं विचारलं.

"कन्नडला कॉलेज नाय का? पोरीनं आर्ट्स करावं, घरी ऱ्हावं, शेड बघावी. लग्नबी जवळपासच करू."

माझ्या नवऱ्यानं मान डोलावली. आयुष्यभर जशी डोलावली तशीच.

लेकीला यातलं गांभीर्य कळलंच नव्हतं. आबांनी, म्हणजे आजोबांनी, आपल्याला महत्त्वाच्या कामाला बोलावलं म्हणून ती खुशीत होती. पहिला ग्लास तिनं नाकाला लावला आणि खाली ठेवला. मधला उचलला. दारात उभ्या असलेल्या मला तो तिथूनच कळला, तोच जुना नेलपॉलिशचा वास, नुकता सुरू झालेला, कोवळा. लेक थांबली. पुन्हा वास घेतला. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली, डोळे मोठे झाले. हीच आठी माझ्या कपाळावर पडली असणार, चहाचा ट्रे हातात असताना. तिनं ग्लास वर धरला आणि म्हणाली, "आबा, हा मधला ना..."

"मधला बिघडलाय," मी म्हणाले.

सगळे वळले. मी आत गेले, तिच्या हातातून ग्लास काढून घेतला. "आज-उद्यात बघा, नाहीतर ही टाकी पण जाईल. बाकीचे दोन ठीक आहेत."

"तुला वास येतोय?" मामांनी विचारलं.

"येतोय. बरेच दिवस झाले."

कुणी रागावलं नाही हो. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडायला तरी मिळालं असतं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाई देवापाशी साखर ठेवून आल्या आणि माझ्या तोंडात साखर घातली. नवरा म्हणाला, "चला, सुटलो!" दुसऱ्या दिवशी सगळं घर जीप करून मारुतीला जाऊन आलं, माझ्या नाकाचा नवस फेडायला. मैत्रिणीला फोन केला. येणार नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तू लढायचं तरी होतंस." मी लढलेच होते, पण ते तिला कसं सांगणार! तिनं दुसरी मुलगी कामावर घेतली.

लेक पुण्याला गेली. बसमध्ये बसताना तिनं हात हलवला आणि मला वाटलं, जिंकले. त्या एका गोष्टीवर मी पुढचे महिने काढले. शेडमध्ये बसायची, थुंकायची, पाय धुवायची, आणि मनात म्हणायची, माझी पोर सुटली ना, मग झालं.

दिवाळीनंतर एकदा तिला भेटायला पुण्याला गेले. होस्टेलच्या खोलीत ती मांडी घालून बसली होती, मी नेलेला चिवडा डब्यातूनच खात होती. रोडावली होती थोडी, पण चेहऱ्यावर तेज होतं. गप्पा चालल्या होत्या, मैत्रिणींच्या, मेसच्या, मास्तरांच्या. मधेच ती हसायला लागली.

"आई, एक सांगू? त्या दिवशी शेडमध्ये तू मधेच बोललीस ते लई बरं झालं."

"का गं?" मी विचारलं. पोरीला कळलं म्हणायचं, असं वाटलं.

"अगं, मी मधलाच सगळ्यात भारी आहे म्हणणार होते! काय मस्त गोडसर वास होता. आबांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही गं. पप्पांवर गेलेय मी."

ती पोट धरून हसत होती. मी पण हसले, सवयीनं. तोंडात धरलेला चिवड्याचा घास गिळवेना. तिला तिथं कुणी ठेवलंच नसतं. मामांनी तिचं ऐकून कपाळाला हात लावला असता, ती ठरल्या दिवशी पुण्याची बस पकडून गेली असती, आणि मीही तो चार पुडाचा डबा घेऊन उस्मानपुऱ्यातून कामाला जात असते. मी तोंड बंद ठेवलं असतं, तेवढंच पुरेसं होतं. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडणार? समोर माझी पोर होती, सुखात होती.

"काय झालं गं आई?"

"काही नाही. तिखट लागलं."

तेवढ्यात फोन वाजला. मामा होते. "पोरी, कधी निघतीस? नव्या टाकीचा नमुना काढून ठेवलाय. तू येस्तोवर कुनी हात लावत नाय."

"निघालेच, मामा," मी म्हणाले.