हैबतीमामाच्या घरची हाक

हैबतीमामासारखा संशयी माणूस अख्ख्या पोलादपूर तालुक्यात सापडायचा नाही. मी स्टँडसमोर वडा-मिसळीचं हॉटेल चालवते, दिवसाला शंभर तोंडं बघते, तेव्हा हे उगाच बोलत नाही. उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरावर धनगरांची वाडी आहे. तिथून हा माणूस वीस वर्षं माझ्याकडे म्हशीचं दूध घालतोय. कॅनच्या झाकणाला सुतळी बांधून आणणार, आणि गाठ अशी मारणार की दुसऱ्या कुणाला सुटू नये. मी माप घेतलं की स्वतः वाकून बघणार. चहा दिला की आधी त्याचा वास घेणार. येताना एका वाटेने, जाताना दुसऱ्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, सरकारला तुमच्यावर पाळत ठेवायला वेळ आहे का?" तर म्हणतो, "सरकार नाय गो, मानसं ठेवतात."

पहिल्यापासून असा नव्हता हो तो. हसायचा, वड्याबरोबर मिरची जास्त मागायचा, माझ्या तेजश्रीला खांद्यावर घेऊन स्टँडभर फिरवायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या दोन म्हशी गेल्या आणि माणूसच बदलला.

त्यांच्या वाडीची एक रीत आहे, ती आधी सांगते. म्हशी दिवसभर रानात मोकळ्या असतात. संध्याकाळी घरचा माणूस पाव्यावर घरची हाक वाजवतो. पावा म्हणजे त्यांची बांबूची बासरी. प्रत्येक घराची हाक वेगळी. ती वाजली की त्याच घरच्या म्हशी माना वर करून निघतात, शेजारच्या जागच्या हलत नाहीत. हाक बापाने मुलांना द्यायची, परक्याला नाही, कारण ज्याच्याकडे हाक त्याच्याकडे गोठा. वाडीतले सगळे एकमेकांच्या हाका रोज ऐकतात, पण त्याची भीती कुणाला नसते. नुसतं ऐकून हाक येतच नाही, घरच्याने बोटं धरून शिकवावीच लागते, असं ते पिढ्यानपिढ्या धरून चाललेत. हैबतीमामाच्या घरची हाक दोघांनाच यायची. एक तो, आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ कोंडाजी.

त्या दिवशी हैबतीमामा माझ्याकडे दूध घालून बाजारात पेंड घ्यायला थांबला होता. भर दुपारी शेरडं राखणाऱ्या एका बाईने खालच्या रानातून त्यांच्या घरची हाक ऐकली. संध्याकाळी दोन म्हशी कमी. खुरांचा माग हायवेपर्यंत गेला, पुढे टेम्पोच्या चाकांचा माग. कोंडाजी म्हणाला, मी पाचाडला सासुरवाडीला होतो, विचारा कुणालाही. हैबतीमामा म्हणाला, "तू नव्हतास, तर तू शिकवलेला होता." झालं! दोघांची घरं तीस पावलांवर, पण मधे काटेरी कुंपण पडलं आणि बोलणं संपलं. आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा हैबतीमामाचीच री ओढली. कोंडाजीचंही दूध माझ्याकडे यायचं, ते मी दुसऱ्या दिवशी बंद केलं. वर गिऱ्हाइकांना सांगत सुटले, भावाच्या म्हशी विकणारा माणूस दुधात काय घालील त्याचा नेम नाही. माझी जीभच तशी आहे.

तर यंदा जानेवारीत महाडात तीन दिवसांचा बासरी महोत्सव भरला. सकाळी कार्यशाळा, दुपारी स्पर्धा, संध्याकाळी मोठ्या वादकांच्या मैफली. माझी तेजश्री अकरावीत आहे, महाडच्या विनीत सरांकडे बासरी शिकते. तिचं नाव स्पर्धेत होतं. मी कौतुकाने महोत्सवाचा कागद हैबतीमामाला दाखवला. त्याने तो उलटसुलट केला, उजेडात धरला.

"अंगठा कुठं मारायचा हाय?"

"कुठंच नाही."

"मग त्यांना यातून मिळतं काय?"

"अहो, बासरी ऐकायची, शिकायची. जिल्ह्यातले सगळे वाजवणारे येणारेत."

हे ऐकलं मात्र आणि त्याने चहाची बशी खाली ठेवली. "सगळे?" म्हणाला. "म्हंजे ज्यानं माझ्या म्हशी नेल्या, तो पन येल."

मी कपाळाला हात लावला. पण त्याचा हिशेब पक्का होता. चोराला पावा येत होता. पावेवाला महोत्सवाला येणारच. कधी ना कधी त्याच्या बोटांतून ती हाक निसटणारच. निसटली की त्याच्या तोंडून कोंडाजीचं नाव काढायचं. "नऊ वर्सं मी सख्ख्या भावाला चोर म्हनतोय गो," तो म्हणाला, "एकदा ते खरं हाय ह्ये तरी कळू दे." बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला तेव्हाच चुकचुकल्यासारखं झालं होतं, पण गिऱ्हाईक आलं आणि विचारायचं राहून गेलं.

सकाळची कार्यशाळा एका शाळेच्या सभागृहात होती. पुण्याहून एक गुरुजी आले होते. चाळीसेक मुलं-माणसं मांडी घालून बसलेली, मधे हैबतीमामा घोंगडं पांघरून. गुरुजी फुंक कशी धरायची, ओठ कसे ठेवायचे ते सांगत होते. हा गुरुजींकडे बघतच नव्हता, एकेकाची बोटं बघत होता. गुरुजींनी मोठ्या मनाने विचारलं, "बाबा, तुमच्याकडचं काही ऐकवाल का आम्हाला?" लगेच चार-पाच मोबाईल वर झाले.

"ह्ये कशाला धरलेत?" हैबतीमामा गरजला.

"आठवण म्हणून, बाबा."

"माझा पावा घरी ऱ्हायला," म्हणाला. पाव्याचं टोक घोंगड्यातून हातभर बाहेर आलं होतं. पोरं खुसुखुसु हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी स्पर्धा. एकेक जण येऊन वाजवून जात होता आणि हैबतीमामा डोळे मिटून ऐकत होता. मधेच कोपराने मला ढोसायचा. "ह्यो कुठला?" माणगावचा. "ह्यो?" खेडचा. "खेडचा म्हंजे कशेडीच्या घाटापल्याड. टेम्पो तिकडंच गेला होता." मी म्हटलं, "मामा, तो पोरगा तेव्हा दुधाच्या दातांचा असेल, गप बसा." तर त्याचा बाप कोण ते विचार, म्हणाला. कुणाची फुंक चांगली, कुणाची वाईट, त्याचं त्याला काही नव्हतं. बावीस जणांत एकाकडेही त्याला हवं ते सापडलं नाही आणि तो जास्तच बेचैन झाला. सभागृहाच्या दाराकडे बघून म्हणाला, "पळाला असंल. कोंडाजीनं निरोप धाडला असंल."

मग तेजश्रीचं नाव पुकारलं. मी तर हात जोडूनच बसले. पोरीने भूप वाजवला, संथ, स्वच्छ. विनीत सर मान डोलवत होते. शेवटी सरांनी सांगितल्याप्रमाणे तिने एक लोकधून घेतली. सुरुवातीचे चार सूर वर चढले, मग एक लांब सूर आणि तिथून घसरत खाली. मला वाटलं, किती ओळखीचं वाजवतेय माझी बाय.

शेजारचं घोंगडं उडालं. हैबतीमामा उभा राहिला होता.

"थांब! थांब गो! ह्ये तुला कुनी शिकिवलं? कोंडाजीनं ना? नाव घे त्याचं!"

सगळं सभागृह मागे वळलं. तेजश्रीची फुंक अडकली. तबला दोन मात्रा पुढे गेला आणि तोही थांबला. अर्ध्यावर थांबला तो बाद, हा स्पर्धेचा नियम. परीक्षकांनी हळहळून पेन खाली ठेवलं. पोर रडत विंगेत पळाली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्षभर पहाटे पाचला उठून रियाज केला होता तिने. मी त्याचं घोंगडं धरून त्याला फरफटत व्हरांड्यात नेलं. वयाचा मान, दुधाचा संबंध, काही काही ठेवलं नाही. म्हटलं, "मेल्या, तुझ्या म्हशी गेल्या म्हणून माझ्या पोरीला भर सभेत चोर ठरवतोस?"

पण तो माझं ऐकतच नव्हता. विनीत सर तेजश्रीला धरून बाहेर आले, तसा तो तिच्यापुढे गेला आणि त्याने चक्क हात जोडले. "नाव सांग पोरी. कोंडाजीनं तुला शिकिवलं, का त्यानं शिकिवलेल्या कुनी? येकदा नाव सांग, मग मी मोकळा झालो."

"तुमच्याकडून!" तेजश्री ओरडली. "तुमच्याकडूनच शिकले मी!"

"मी तुला कवा शिकिवलं?"

"रोज! दूध मोजून होईपर्यंत बाकड्यावर बसून शीळ घालता तुम्ही. कायम हीच. मी तिथेच शाळेचा डबा भरत असते. इतकी वर्षं ऐकतेय. आजोबा, मला वाटलं तुम्हाला आवडेल."

"खोटं," हैबतीमामा म्हणाला. "बोटं धरल्याबिगर येत नाय ती. आयकून कुनाला येत नाय." मग माझ्याकडे वळला. "सांग गो तिला. मी कवा शीळ घालतो?"

आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा मला उमगलं. देवाशपथ सांगते, तोवर माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पहाटे बटाटे कुस्करताना मी जे गुणगुणते ना, ते कुठून आलं याचा विचारच कधी केला नव्हता. मला गाता येत नाही. पण मी तिथे व्हरांड्यात, पदर सावरत, नाकातल्या नाकात ते म्हणून दाखवलं. चार सूर वर, एक लांब, मग घसरत खाली. सगळंच्या सगळं आलं.

"स्टँडवरच्या कंट्रोलरला पण येतं, मामा," मी म्हटलं. "गाडी लागेस्तोवर तोही हेच शीळ घालून वाजवतो. वीस वर्षं तुम्ही भर बाजारात आमच्या बाकड्यावर बसून घरची हाक वाटत होतात."

हैबतीमामा भिंतीला टेकला. त्याने ओठांना हात लावून बघितला. त्याला स्वतःला ठाऊकच नव्हतं. हायवेचे ड्रायव्हर, टेम्पोवाले, म्हशींचे दलाल, माझ्याकडे कोण चहा पीत नाही? त्यांतल्या कुणीही ती उचलली असेल. कुणीही! फक्त कोंडाजीच असला पाहिजे असं म्हणायला आता काही उरलं नव्हतं.

"माधुरी," तो म्हणाला, "माझ्यासंगं वर येतीस? येकट्याला जमायचं नाय."

जायची माझी इच्छा नव्हती. कोंडाजीला तोंड दाखवायला मला तरी कुठे जागा होती? त्याला चोर करण्यात माझा वाटा काय थोडा होता? पण तेजश्री डोळे पुसून म्हणाली, "आई, जा." म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलला कुलूप घातलं आणि गेले.  या वेळी सबंध चढ हैबतीमामाने मागे वळून कुणी येतंय का ते एकदाही बघितलं नाही.

कोंडाजी अंगणात बसून विळ्याने गवताच्या पेंढ्या सोडत होता. केस पांढरेफटक झालेले. कुंपणाचा काटा बाजूला सारून भाऊ आत आलेला बघितला, तरी तो उठला नाही. आधी भावाच्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा भावाकडे.

"आता काय हरवलं?" त्याने विचारलं.

 हैबतीमामाच्या तोंडून एकदम सगळं बाहेर आलं. बाकडं, शीळ, माझी पोर, कंट्रोलर. "मीच वाजवत होतो रे कोंडू. भर बाजारात. तुझा काय दोस नव्हता. मी चुकलो. तू म्हनशील ते करतो."

दारात कोंडाजीची बायको गीताबाई उभी होती. ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी पुढे होऊन म्हटलं, "कोंडाजीभाऊ, मीही चुकले. माझ्या तोंडाने गावभर केलं." त्याने माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही.

"आय हुती तवा का नाय आलास?" तो भावाला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्याकडं ऱ्हात हुती. तुझंच खरं मानलं तिनं. सात वर्सं माझ्या घरचं पानी नाय पेली. शेवटी गीतानं चमच्यानं पाजाया बघितलं, तर दात मिटून घेतले. मला चोर समजूनच गेली ती. जा, तिला सांगून ये. मग माझ्याकडं ये."

हैबतीमामा तिथेच मातीत बसला आणि "आये, आये" करत लहान पोरासारखा रडू लागला. कोंडाजीने विळा उचलला आणि पुढची पेंढी ओढून घेतली.