स्वस्तात पडलेला हिरा

डेल्विन ओपीला वॉलारू या बंदराच्या गावात सगळे ओळखत, पण तिच्याविषयी सांगण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं. बापाने बंदरावर जन्म काढला, आई गुडघ्यांनी अधू झाली, बहिणी लग्नं करून अ‍ॅडलेडला गेल्या आणि आईचं करायला ही मागे राहिली. आई गेली तेव्हा डेल्विनची चाळिशी उलटली होती. हातांना दुसऱ्याचं करायची सवय जडलेली, म्हणून ती गावातल्या वृद्धाश्रमात सेविका झाली. अंघोळी घालायच्या, भरवायचं, कपडे बदलायचे, आणि कालचीच गोष्ट आज पहिल्यांदा ऐकतोय असा चेहरा करून ऐकायची. कामात तिला नाव ठेवायला जागा नव्हती. काही म्हातारी माणसं फक्त तिच्याच हातून जेवत. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड मिटून घेत.

अशा बाईला लायल नॅनकिव्हेलने मागणी घातली, तेव्हा गावाने तोंडावर "बरं झालं" म्हटलं आणि पाठ फिरल्यावर हसून घेतलं. लायल धान्याच्या कोठारांवर कामाला होता. धिप्पाड, पन्नाशीला टेकलेला, बोलायला मधासारखा. त्याची ख्याती एकच होती. पूर्ण किंमत त्याने आयुष्यात कशाचीच मोजली नव्हती. टायर घेतले ते बुडालेल्या गॅरेजातून, फ्रीज घेतला तो घटस्फोट घेणाऱ्या जोडप्याकडून. "समोरचा अडलेला असला की वस्तूचा खरा भाव कळतो," असं तो पबमध्ये सांगे आणि लोक त्याला बिअर पाजून ऐकत बसत.

अंगठी बघायला म्हणून एका शनिवारी तो डेल्विनला अ‍ॅडलेडला घेऊन गेला. दुकानामागून दुकानं पालथी घातली. पैलू कसे पाडलेत, रंगात पिवळट झाक आहे का, आत डाग आहे का, सगळं त्याने खोदून खोदून विचारलं. भिंग मागून घेतलं, खडे उजेडात नेऊन पाहिले. एका दुकानात डेल्विनने एक बारीकशी अंगठी बोटात घालून पाहिली. हिरा तांदळाच्या कणीएवढाच, पण तिच्या लाल, साबणाने सोललेल्या बोटावर तो असा काही शोभला, की ती हात खाली घ्यायलाच विसरली.

"हीच देऊ का मग?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"आज आम्ही नुसतं शिकायला आलोय," लायल म्हणाला आणि अंगठी त्यानेच तिच्या बोटातून काढून मखमलीवर ठेवली.

परतीच्या वाटेवर तो खुशीत होता. "दुकानाच्या दाराबाहेर पडली की अंगठीची किंमत निम्मी होते, डेल. मग आपण निम्म्यालाच का घेऊ नये?"

"माझं काही म्हणणं नाही," डेल्विन म्हणाली. तिचं कधीच काही म्हणणं नसे.

ही गोष्ट हिवाळ्याआधीची. ख्रिसमसला, भर उन्हाळ्यात, सगळा गाव समुद्रावर लोटलेला असताना लायलने खिशातून एक अंगठी काढून तिला दिली. जुन्या घडणीची, मधोमध चांगला ठसठशीत हिरा आणि दोन बाजूंना दोन निळे खडे. त्यातला एक खडा दुसऱ्याहून गडद होता. डेल्विनच्या डोळ्यांतून पाणीच आलं. एवढा मोठा हिरा आपल्याला कुणी देईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"हा एक खडा मागाहून बसवलेला आहे, दिसतंय ना?" लायल नखाने दाखवत म्हणाला. "रंग जुळला नाही. म्हणून तर इतकी स्वस्तात पडली."

"कुणाकडून घेतलीस?"

"अ‍ॅडलेडचा एक माणूस आहे."

अंगठी तिला सैल होत होती. सोनाराकडे टाकू या म्हटलं तर लायल म्हणाला, सोनार नुसतं कापायचे केवढे घेतो माहीत आहे का. शिवाय कामावर खड्याची अंगठी चालत नसे, म्हाताऱ्यांची कातडी कागदासारखी, ओरखडा उठायचा. म्हणून तिने ती साखळीत ओवून गळ्यात घातली. साखळीही नियमात बसत नव्हती, पण झग्याच्या आत कोण बघतंय. एकट्या मरिव्हिकला तिने दाखवली. मरिव्हिक फिलिपिन्सची, तिच्याबरोबरच पाळीला असायची.

"अगं बाई," मरिव्हिक म्हणाली, "लायलने दिली? त्या लायलने? नीट बघ हं, काच असेल."

दोघी पोट धरून हसल्या. डेल्विनच्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते, आणि ते फार नव्हते.

आश्रमात तेव्हा थेल्मा ट्रेझाईस नावाची एक म्हातारी होती. नवरा जॅक मागेच वारलेला, एकुलती एक मुलगी रॉझलिन अ‍ॅडलेडला. हिवाळ्यात बाईंनी चुलीवर रिकामं भांडं ठेवून घर पेटवायचं बाकी ठेवलं, तेव्हा रॉझलिनने त्यांना इथे आणलं. बाई स्वभावाने गोड, फक्त एक पालुपद होतं. डाव्या हाताचं बोट चोळत त्या विचारायच्या, "आज शुक्रवार का गं, पोरी? तो माणूस अंगठी आणून देणार आहे."

"येईल हं, शुक्रवारी येईल," डेल्विन म्हणायची. सगळ्याच तसं म्हणत. तिथे कुणी मेलेल्या नवऱ्याची वाट बघे, कुणी न आलेल्या बोटीची. त्यात हा एक माणूस.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी डेल्विन बाईंना अंघोळ घालत होती. पाय धुवायला ती वाकली आणि साखळी झग्यातून बाहेर पडून लोंबली. बाईंनी झटकन अंगठी मुठीत धरली. त्या हातात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"ही माझी," बाई म्हणाल्या.

"नाही हं बाई, ही माझी आहे. माझं लग्न ठरलंय."

"माझी आहे. बघ, हा काळा. जॅकच्या हातून मूळचा खडा मोरीत गेला, मग त्याने हा आणून बसवला. जुळला नाही. कधीच जुळला नाही." त्यांनी अंगठा त्या गडद खड्यावरून फिरवला, न बघता. अशी वर्षानुवर्षांची सवय कुणाला सोंग म्हणून आणता येत नाही.

कामावरून ती थेट लायलकडे गेली. तो परसात खेकडे साफ करत बसला होता. जेट्टीजवळच्या उथळ पाण्यातून सकाळीच दाताळ्याने ओढलेले, बादलीत अजून खडबडत होते. तो एकेकाची पाठ उचकटून काढत होता.

"ही अंगठी ट्रेझाईसबाईंची आहे," डेल्विन म्हणाली.

"होती," लायल म्हणाला. त्याने मानही वर केली नाही.

"तू त्यांच्याकडून विकत घेतलीस?"

"पैसे दिले."

"त्या म्हणतात, एक माणूस आणून देणार आहे. तो माणूस म्हणजे तू?"

"हे बघ, मी तिच्या घरी जळणाची लाकडं टाकायला गेलो होतो. तिने अंगठी काढून टेबलावर ठेवली, म्हणाली हा खडा जुळत नाही. मी म्हटलं, मी घेऊन जातो. काही नोटा बशीखाली सरकवल्या. तिने चहा दिला, बिस्किटं दिली. मला दोनदा विचारलं, तू कुणाचा मुलगा. झाला सौदा."

"लायल, त्या विकत होत्या का?"

"नको तर म्हणाली नाही."

लायलने आणखी एक खेकडा उचलला. "आता तोंड पाडू नकोस. हिऱ्याला काय कळतंय कुणाच्या बोटात आहे ते. तिला आज दिलीस तर संध्याकाळी संडासात टाकून मोकळी होईल. आणि अशी अंगठी मला दुसरी मिळायची नाही."

अंगठी झग्यात सरकवून ती घरी गेली. पण रात्रभर तिला बाईंचा अंगठा दिसत राहिला. शेवटी तिने ठरवलं, गुपचूप परत करायची. कुणाला सांगायचं नाही, लायलचं नाव घ्यायचं नाही. शुक्रवार उजाडला तेव्हा बाईंचे केस विंचरून झाल्यावर तिने साखळी सोडली आणि अंगठी त्यांच्या बोटात सरकवली.

"आज शुक्रवार आहे, बाई. तो माणूस देऊन गेला."

बाईंनी हात पुढे धरून बराच वेळ पाहिलं. चेहरा आधी फुलला, मग आंबला. "पण खडा तोच आहे. बदललाच नाही," त्या म्हणाल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. "फसवलं मला. घेऊन गेला आणि फसवलं."

त्याच दुपारी रॉझलिन आली. दर पंधरवड्याला यायची. आईच्या बोटात अंगठी बघून ती दारातच थबकली. ही अंगठी तिने घर विकायच्या आधी फरश्या उचकटून शोधली होती, आईवर चिडली होती, त्या चिडण्याचं मनाला लावून घेतलं होतं.

"आई, कुठे सापडली? कुणी दिली?"

"हिने," म्हातारीने डेल्विनकडे बोट केलं. "हिच्या गळ्यात होती."

आश्रमाची व्यवस्थापक कॅरोल म्हणून होती. तिने डेल्विनला खोलीत बोलावलं. डेल्विनला खोटं सुचेना. लायलने दिली, त्याने बाईंकडून विकत घेतली होती, एवढं ती बोलली. मरिव्हिकला विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "गळ्यात असायची. लायलने दिली असं ती सांगायची. देताना मी नाही बघितलं." तिचा व्हिसा त्या नोकरीवर होता. ती खोटं काहीच बोलली नाही.

मग लायलला फोन गेला. तो आला, टोपी हातात धरून दाराशी उभा राहिला. रॉझलिनने मूठ उघडून अंगठी दाखवली आणि सांगून टाकलं, की डॉक्टरांनी आईच्या स्मृतिभ्रंशाचं निदान हिवाळ्याआधीच केलं होतं, तेव्हा जो कुणी 'विकत घेतली' म्हणेल त्याची गाठ पोलिसांशी आहे.

लायलने अंगठीकडे पाहिलं, डेल्विनकडे पाहिलं नाही. आणि कानावर हात ठेवले.

"मी ही आज पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला. "अंगठी घ्यायची आहे, पण घेतली नाही अजून. वाटलं तर अ‍ॅडलेडच्या दुकानांत विचारा, आम्ही बघून आलोय."

डेल्विनच्या तेव्हा लक्षात आलं, की एरवी दोन डॉलरचा सौदासुद्धा पबमध्ये गाजवणारा हा माणूस या अंगठीबद्दल कुठे चकार शब्द बोलला नव्हता.

"लायल," ती म्हणाली. "खेकडे साफ करताना तू मला सांगितलंस."

"डेलवर, बिचारीवर, कामाचा ताण फार आहे," लायल कॅरोलला म्हणाला, आणि ते इतकं मायेने, की रॉझलिनचेही डोळे क्षणभर निवळले.

पोलिसांना बोलावलं नाही. आईला त्रास नको, असं रॉझलिन म्हणाली. डेल्विनने राजीनामा लिहून दिला आणि कपाटातले बूट पिशवीत भरले. बाहेर लायल गाडीला टेकून उभा होता.

"तुझी नुसती नोकरी गेली," तो म्हणाला. "माझं नाव गेलं असतं, वर कोर्टकचेरी. हिशेब केलास तर स्वस्तात सुटलो आपण. बस गाडीत."

"मी चालत जाते."

"अगं, पुढच्या महिन्यात लग्न आहे."

"नाहीये," डेल्विन म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काही म्हणणं होतं, आणि ते ऐकायला पार्किंगमध्ये त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

तिने गावाला खरं सांगून पाहिलं. पण चोर दुसरं काय सांगणार. त्यातून तिनेच लग्न मोडलं, म्हणजे दुखावला तो लायल, हे लोकांना स्वच्छ दिसत होतं. बायका त्याला डबे पाठवू लागल्या. बहिणीने फोनवर एवढंच विचारलं, "पण तू घालायची तरी कशाला?" म्हाताऱ्यांचं काम तिला पुन्हा कुठे मिळालं नाही. शेजारच्या कडीना गावात एका मोटेलच्या खोल्या झाडायचं मिळालं. ट्रेझाईसबाई त्या थंडीत गेल्या. मरिव्हिकने निरोप पाठवला, की बाई शेवटी शेवटी जेवत नव्हत्या, कुणाच्याच हातून.

दोनेक वर्षांनी कडीनाच्या सुपरमार्केटमध्ये, दुधाच्या कपाटापाशी, रॉझलिन तिच्यासमोर आली. आईच्या कबरीवर फुलं ठेवून परत निघाली होती. डेल्विन बाजूला सरकली, पण रॉझलिनने तिच्या दंडाला हात लावला.

"मला तुला कधीचं सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी तुला क्षमा केली आहे. आई तुझ्या हातून जेवायची, ते मी विसरले नाही."

"मी चोरली नव्हती," डेल्विन म्हणाली.

"असू दे गं," रॉझलिन हळुवारपणे म्हणाली. "आता ते सारखं सारखं म्हणायची गरज नाही. मी मनातून काढून टाकलंय, तूही टाक."

तिचा चेहरा खरोखर दयाळू होता. तिथे दूध घ्यायला आणखी दोघं-तिघं उभी होती आणि सगळी ऐकत होती. डेल्विनला वाटलं, आता तोंड उघडलं तर ही भली बाई पुन्हा पहिल्यापासून क्षमा करायला लागेल.

"थँक यू," ती म्हणाली.

रॉझलिनने तिला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं आणि आपली ट्रॉली ढकलत निघून गेली. डेल्विनने दुधाची बाटली उचलली. मागच्या बाईने तिला वाट दिली, आणि देता देता आपली पर्स काखेत ओढून घेतली.