जनेल

परळला आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत एक पोर्तुगीज बाई राहायची. नवरा गोव्याचा, बोटीवर कुक. त्याच्याशी लग्न करून ती आपला देश सोडून आली होती. मराठी तिला दोन-चार शब्दांपलीकडे येत नव्हतं. पण पाव, साबण, चावी असा तिच्या भाषेतला एखादा शब्द आमच्या तोंडून ऐकला, की ती टाळी वाजवून छातीवर हात ठेवायची, "माझा!" वाण्याने एकदा विचारलंच, "बाई, आमचं काही शिल्लक ठेवशील का नाही?"

आई मालवणची, खिडकीला जनेल म्हणायची. तोही शब्द बाईचाच निघाला, तेव्हा तिने आईला गच्च मिठी मारली. आई आठवडाभर लाजत होती.

मग गिरण्यांचा संप लांबला. बाबा घरी बसले, स्टो पेटेनासा झाला. बाई परातभर पाव घेऊन दारात आली.

"नको गो. हात पसरूची सवय नाय आमका," म्हणत आईने दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने खिडकीवर थापा पडल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आईला हसू आवरेना. बाई गॅलरीतून ओरडत होती, "जनेल माझा! उघड!"