पहिले तीन डाव पाहुण्याचे

माझं तोंड खराब आहे, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक होतं. मला एकट्यालाच ते उशिरा कळलं, आणि तेही लग्नानंतर.

जळगावात मी ठिबक सिंचनाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात काउंटरवर असतो. दिवसभर नळ्या, व्हॉल्व्ह, फिल्टर आणि गिऱ्हाइकांच्या शंका. गिऱ्हाइकावर चिडून चालत नाही, म्हणून साठलेला राग मी संध्याकाळी पिंप्राळ्यात घरी आल्यावर मोबाइलवरच्या गेममध्ये काढायचो. गेम चौघांनी मिळून खेळायची. चौघं एकत्र मैदानात उतरतात, घरांतून बंदुका गोळा करतात, आणि बाकीच्या टोळ्या संपेपर्यंत टिकून राहायचं असतं. सगळ्यांचे माइक चालू असतात, त्यामुळे एकमेकांचं सगळं ऐकू येतं. माझे दोन मित्र पक्के होते. एकाचं मेडिकल आहे, दुसरा पतसंस्थेत आहे. चौथा मात्र आमच्याकडे कधी टिकला नाही. कुणाचा मेहुणा यायचा, कुणाचा शेजारी यायचा, दोन दिवस खेळायचा आणि तिसऱ्या दिवशी त्याला अचानक कामं निघायची. मी म्हणायचो, हल्लीच्या पोरांत दम नाही. मेडिकलवाला एकदा म्हणाला होता, "दम आहे रे, कान पण आहेत त्यांना." मी ते हसण्यावारी नेलं.

लग्न झालं तेव्हा बायकोने महिनाभर हा प्रकार बघितला. ती सोनगीरची, धुळ्याच्या कॉलेजात शिकलेली. एके संध्याकाळी म्हणाली, "चौथं कुणी नसतं ना तुमच्यात? मला शिकवा." मला इतका आनंद झाला की मी लगेच तिच्या फोनवर गेम घालून दिली. शिकवलं मात्र काही नाही. म्हटलं, खेळता खेळता येईल. मला तरी कुणी शिकवलं होतं?

तिसऱ्याच खेळात ते घडलं. माझ्या मागे दोन शत्रू लागले होते. समोर एक घर होतं आणि ती आधीच त्यात शिरली होती. मी जीव खाऊन धावत दाराशी पोचलो आणि तिने आतून दार लावून घेतलं. मी दारावर आपटलो, मागून गोळ्या आल्या, खेळ खलास. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. अक्कल कुठे गहाण ठेवली आहे इथपासून सुरुवात झाली, आणि शेवटी मी म्हणालो, "हे तुझं काम नव्हे. ठेव तो फोन." माइक चालू होता. पलीकडे दोघंही ऐकत होते. पतसंस्थेवाला ओशाळं हसला, ते तिनेही ऐकलं.

तिने फोन पलंगावर ठेवला आणि कणीक मळायला गेली. रडली नाही, भांडली नाही. त्या दिवसापासून बोलणं कामापुरतं झालं. डबा भरलाय. गॅसवाला येऊन गेला. आईंच्या गोळ्या संपल्यात. मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. पंधरा दिवस झाले तरी निवळलं नाही. माफी मागावी असं रोज वाटायचं आणि रोज वाटायचं, एवढ्याशा गेमवरून कसली माफी?

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी जातात, आणि ही तर तिची पहिली आखाजी. तिचा भाऊ न्यायला आला. पिशवी उचलताना ती मला म्हणाली, "न्यायला यायची घाई करू नका." आवाज साधा होता. रात्री जेवताना आईने विचारलं, "काही बोलली का जाताना?" मी नाही म्हटलं. आई म्हणाली, "तुझ्या तोंडाने माझी भाची या घरात यायची बंद झाली होती, आठवतं ना?" मला आठवत नव्हतं, हे त्याहून वाईट.

चार दिवस कसेबसे काढले आणि पाचव्या दिवशी निघालो. धुळ्याला उतरून शिरपूरच्या एसटीने सोनगीर. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो. सासरी सगळं माहीत असेल का? सासू बोलेल का? सासरे न बोलता बघत बसतील का? ते जास्त वाईट. पण तिथे गेलो तर आंब्याचा रस, खापरावरचे मांडे आणि "बसा पाव्हना, पाय धुवा." माझ्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघितलं नाही. मी मनात म्हटलं, सुटलो, तिने सांगितलेलं दिसत नाही. ती मात्र स्वयंपाकघरात होती आणि बाहेर आली तरी माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

दुपारी ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. ओसरीवर सतरंजी पडली आणि पत्ते निघाले. आखाजीला तिकडे पुरुष माणसं पत्ते खेळतातच. बायकोचे चुलते, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, त्यांनी मला हाक मारली. "पाव्हना, या. मेंढीकोट मांडी राहिनूत." मी म्हटलं, मला येत नाही. खरंच येत नव्हतं. माझ्या वडिलांनी पत्त्यांना घरात कधी थारा दिला नव्हता. आबा म्हणाले, "मंग मन्हासमोर बठा."

समोर बसायचं म्हणजे त्यांचा भिडू व्हायचं. मेंढीकोटात समोरासमोरचे दोघं एका बाजूला असतात. चार दश्शा पत्त्यांत असतात आणि ज्यांच्याकडे त्या जास्त येतील ते जिंकले. मला नंतर कळलं की आबा त्या ओसरीवरचे सगळ्यांत पट्टीचे खेळाडू, आणि त्या घरात रीतच आहे की ज्याला जास्त येतं त्याने नवख्याच्या समोर बसायचं. चांगल्या खेळाडूंनी एकमेकांशी जोडी जमवायची नाही. आबांनी पत्ते पिसता पिसता सगळ्यांना सांगितलं, "पहिला तीन डाव पाव्हनाना. ते मोजाना नहीत."

पहिल्याच डावात मी दिवे लावले. कुणीतरी बदाम टाकलं. माझ्या हातात बदामाची तिर्री होती आणि दश्शीही होती. मोठा पत्ता टाकला म्हणजे पराक्रम, अशा समजुतीने मी दश्शी टाकली. पुढच्याने राजा टाकला आणि दश्शी उचलून नेली. माझ्या लक्षात आलं आणि मी मान खाली घातली. खरं सांगतो, मी वाट बघत होतो. आता आबा काय बोलतील ते शब्दसुद्धा मला ऐकू यायला लागले होते, कारण ते सगळे माझेच शब्द होते.

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी पुढचा पत्ता टाकला. माझ्या शेजारचा एक गडी खो खो हसला, तेव्हा आबा त्याला शांतपणे म्हणाले, "तू पहिलांदा बठना तवय काय करं, सांगू का याले?" तो गप्प झाला. आम्ही डाव हरलो. पत्ते गोळा झाले, पिसायला दिले गेले, आणि मग आबा माझ्याकडे वाकले. "एक्का-राजा निंघी जाऊ द्या, मंग दश्शी काढा. आज इतलंच."

मी विचारलं, "आणखी काय चुकलं?" चुका निदान पाच झाल्या असतील, एवढं मलाही कळत होतं.

"ते पुढला डावले," आबा म्हणाले.

एका डावाला एकच चूक सांगायची आणि तीही पत्ते गोळा झाल्यावर. दुसऱ्या डावाला दुसरी सांगितली, तिसऱ्याला तिसरी. चौथा डाव मोजला जाणार होता, आणि त्यात मी दश्शी शेवटपर्यंत छातीशी धरून ठेवली. एक्का गेला, राजा गेला, आणि मी ती टाकली. आबांनी "हां" म्हटलं, बाकी काही नाही. परीक्षेत पास झाल्यावर मला एवढं बरं वाटलं नव्हतं. वर बघितलं तर बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती आणि किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीने निघू या."

माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागायची होती. चहा घेतला. जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरलो होतो. म्हटलं, "त्या दिवशी मी फार वाईट बोललो. मित्रांसमोर बोललो. चुकलं माझं." ती कपाकडे बघत म्हणाली, "दार का लावलं, एवढं तरी विचारायचं होतं."

"का लावलं?"

"ऊन किती होतं त्या गेममध्ये! घरात शिरल्यावर दार लावायचं नाही का? आमच्याकडे दुपारी दार उघडं टाकलं तर आई फोडून काढते."

त्या वाळवंटी नकाशावर मी दोन वर्षं खेळत होतो आणि तिथे ऊन आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी हसलो. मग तीही हसली, थोडीच, पण हसली. मी विचारलं, पुन्हा खेळशील का? ती म्हणाली, बघू.

आठवडाभराने ती बसली. त्याआधी मी दोघा मित्रांना सगळं सांगून ठेवलं. तिचे पहिले काही खेळ आपण क्रमवारीत मोजले न जाणारे खेळायचे. मैदानात ती माझ्याबरोबर राहील. चूक झाली तर खेळ चालू असताना कुणी काही बोलायचं नाही, संपल्यावर एकानेच बोलायचं आणि एकच गोष्ट सांगायची. मेडिकलवाल्याने विचारलं, "आपण गेम खेळतोय का बालवाडी काढलीये?" पतसंस्थेवाला म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण तू गप्प राहशील?" प्रश्न रास्त होता. जित्याची खोड अशी जात नाही. म्हणून मी तोंडात लवंग धरून बसायचो. ती खिडकीतून उडी मारून नेमकी शत्रूंच्या पुढ्यात पडली तेव्हा मी लवंग चावून खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं, पण बोललो नाही.

गेम बनवणारे नवख्यासाठी बरंच काही करतात. बाण दाखवतात, सरावाचं मैदान देतात, सुरुवातीला सोपे गडी समोर आणतात. त्याचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. पण नवखा पळून जातो तो बहुतेक वेळा समोरच्या शत्रूमुळे नाही. तो आपल्याच बाजूच्या माणसामुळे जातो, आणि इतकी वर्षं आमच्या टोळीत तो माणूस मी होतो. मेहुणे, शेजारी, सगळ्यांना मीच पळवलं. हे कबूल करायला मला लाज वाटली, आणि कबूल केल्यावर हलकंही वाटलं.

ती माइकवर मात्र बोलत नव्हती. ऐकायची, खेळायची, गप्प. दहाएक दिवस असे गेले. मी वाट बघत होतो आणि वाट बघतोय हे दाखवत नव्हतो. मग एका संध्याकाळी आम्ही एका भिंतीआड दबा धरून होतो आणि अचानक माझ्या कानात तिचा आवाज आला, "भाऊ, खाली बसा, तुमच्या मागे गच्चीवर एक आहे." मेडिकलवाला बसला. तिने गच्चीवरच्याला टिपलं. पलीकडून मेडिकलवाला म्हणाला, "वाचवलंत वहिनी." आणि ती बोलत सुटली. डावीकडे कोण, गाडी कुठे, मी किती हळू चालतोय, सगळं. मी गेममध्ये नुसता उभा होतो. खोलीत ती माझ्यापासून तीन हातांवर बसली होती आणि महिन्याभराने तिचा तो मोकळा आवाज ऐकून मला रडू येईल की काय असं वाटलं. तो खेळ आम्ही हरलो. कुणाला काही वाटलं नाही.

आता धुळ्याची तिची एक मैत्रीण येते, आणि पतसंस्थेवाल्याचा तोच पळालेला मेहुणा परत आलाय. नवख्याबरोबर बसायची पाळी बहुतेक बायकोकडेच असते, कारण आमच्यात आता तीच सगळ्यांत चांगली खेळते.

परवा भाजी निवडताना मी जरा फुशारकी मारली. म्हटलं, "बघ, आबांना कल्पनाही नाही की पत्त्यांतून ते मला काय शिकवून गेले."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "आबांना सगळं माहीत होतं. माहेरी गेले त्याच दिवशी सांगितलं मी त्यांना. मला परत जायचं नाही, असंही सांगितलं."

मला सगळं आठवलं. ती ओसरी, ते आंब्याचा रस वाढणारे हात, हसणाऱ्या गड्याला गप्प करणारे आबा, आणि मी आपला, सुटलो म्हणून खूश. मी विचारलं, "मग आबा काय म्हणाले?"

"म्हणाले, 'येऊ दे त्याले. आपलाच भिडू शे तो.'"