गुरू सिंह राशीत, मी नाशकात

मनमाडला गाडी थांबली, तोवर डब्यात येरझाऱ्या घालून मी सगळ्यांना वैताग आणला होता. समोरच्या आजोबांनी शेवटी पाय वर घेऊन मला वाटच करून दिली. अकोल्यापासून माझं असंच चाललं होतं. बसवत नव्हतं, वाचवत नव्हतं, घरून आणलेला डबाही घशाखाली उतरत नव्हता.

खिडकीबाहेर शेजारच्या रुळावरून एक मालगाडी आमच्याच दिशेने सावकाश निघाली होती. आमची गाडी सुटली, वेग घेऊ लागली, आणि बघता बघता ती मालगाडी मागे मागे जाऊ लागली. खरं तर तीही पुढेच चालली होती. भूगोल शिकवत असताना वक्री (उलटा चालताना दिसणारा) ग्रह समजावून द्यायला मी हेच उदाहरण देत असे. पृथ्वी सूर्याभोवती आतल्या रुळावरून पळते, गुरू बाहेरच्या रुळावरून रमतगमत जातो. आपण त्याला ओलांडतो तेव्हा तो काही महिने मागे सरकतोय असं वाटतं. मुलांना हे एका तासात कळायचं. आता मी निघाले होते ते याच गुरूची कटकट निस्तरायला.

झालं होतं असं. माझ्या मुक्ताचं लग्न समीरशी ठरलेलं. तो नाशिकचा, नोकरी दोघांचीही पुण्यात. मार्गशीर्षातली तारीख धरली होती आणि पंचवटीतलं कार्यालयही ठरवून झालं होतं. नवीन वर्षात समीर दोन वर्षांसाठी जर्मनीला जाणार, आणि लग्न झालेलं असेल तरच मुक्ताला त्याच्याबरोबर जाता येणार. दिवाळी झाली आणि त्याच्या आईचा, सुधाताईंचा फोन आला. आवाज अगदी मऊ होता. सिंहस्थ लागलाय, त्यामुळे लग्न वर्षभर पुढे ढकलू या, असं त्या म्हणाल्या. समीर त्यांना समजावून थकला आणि मुक्ता रडून थकली. मग मी बॅग भरली. आमचे हे म्हणाले, "जा, पण तोंडाला कुलूप लावून जा." मुक्ताने तर शपथच घातली की आई, काहीही होऊ दे, भांडायचं नाही.

गोदावरीचा पूल गेला तेव्हा मी बॅग हातात घेऊन दारात उभी होते. पुढच्याच स्टेशनला, नाशिक रोडला, सुधाताई स्वतः घ्यायला आल्या होत्या. बारीक चणीची, नीटनेटकी बाई. सरकारी कचेरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. घर जवळच्याच कॉलनीत, एकटीचं. नवरा फार पूर्वी अपघातात गेला, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांनी बाजरीची गरम भाकरी आणि शेवभाजी वाढली. मी दोन घासांतच विषय काढला. त्या म्हणाल्या, आधी जेवा तर खरं.

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आकाशात सूर्य, चंद्र आणि ग्रह साधारण एकाच वाटेवरून फिरताना दिसतात. या गोल वाटेचे बारा सारखे भाग म्हणजे मेष, वृषभ वगैरे राशी. तिचेच सत्तावीस भाग केले की अश्विनी, भरणी अशी नक्षत्रं होतात. आपल्या जन्माच्या वेळी चंद्र ज्या भागात असतो ती आपली रास. चंद्र ही वाट महिन्याभरात संपवतो, गुरूला सुमारे बारा वर्षं लागतात, म्हणजे एका राशीला साधारण वर्ष. गुरू सिंह राशीत गेला की सिंहस्थ. तेव्हाच नाशकात कुंभमेळा भरतो, साधू येतात, नदीवर गर्दी लोटते. आणि त्याच काळात लग्न करायचं नाही अशी जुनी रीत आहे. इथपर्यंत खगोलवाला आणि ज्योतिषी हातात हात घालून चालतात, कारण गुरू कुठे आहे यावर कुणाचंच भांडण नाही. गुरू तिथे आहे, मग आपण काय करायचं, इथून वाटा फुटतात.

सुधाताईंशी मी यावर बोलायचा प्रयत्न केला. त्या ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर आहे तुमचं ताई, पण सिंहस्थात नको." मऊ बोलणाऱ्या माणसाशी भांडायला फार जीव लागतो. शेवटी ठरलं की दुसऱ्या दिवशी पंचवटीत त्यांच्या ओळखीच्या गुरुजींना विचारायचं.

सकाळी रिक्षा केली. कुंभाच्या तयारीत अर्धं नाशिक खणून ठेवलेलं होतं. द्वारका चौकात आम्ही इतका वेळ अडकलो की मी उतरून चालत जाऊ म्हणाले. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मावशी, बसा निवांत. साधू यायचेत अजून, तुम्हाला काय लय घाई नाय," तो म्हणाला. सुधाताई पदराआड हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पंचवटीच्या अरुंद गल्ल्यांत भाज्यांचे ढीग, मधून घुसणाऱ्या मोटरसायकली आणि पूजेला आलेल्या माणसांना हेरणारे पुरोहित. एका गल्लीच्या तोंडाशी सुधाताईंनी एकदम भराभर पावलं उचलली आणि मान दुसरीकडे वळवली. मला त्यावेळी त्यात काही वाटलं नाही.

गुरुजी तरुण निघाले, मोबाइलमध्ये पंचांग बघणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की थांबलात तर उत्तमच, पण थांबणं शक्य नसेल तर शास्त्रात वाट आहे. गोदावरीच्या उत्तर काठापासून गंगेच्या दक्षिण काठापर्यंतच्या पट्ट्यात सिंहस्थात विवाह वर्ज्य. गोदावरीच्या दक्षिणेला दोष नाही. म्हणजे आमचं अकोलाही बाद, पंचवटीही बाद. पण पुलापलीकडचं जुनं नाशिक चालेल, आणि सुधाताईंचं नाशिक रोड तर चालेलच.

मला गुरुजींच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्यांच्या दारातून बाहेर पडून रामकुंडापाशी आलो आणि माझ्यातली भूगोलाची बाई जागी झाली. गोदावरी नाशकात येते पश्चिमेकडून, पण रामकुंडाशी चक्क दक्षिणेला वळते. म्हणजे इथे नदीला उत्तर आणि दक्षिण काठ नाहीतच, पूर्व आणि पश्चिम आहेत. पंचवटी आहे पूर्वेला. हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं. बोलले असते तर हाती आलेलं लग्न त्याच घाटावर बुडवलं असतं. मी ओठ घट्ट मिटले, प्रवाहाकडे टक लावून चालत राहिले आणि घाटाच्या नव्या पायरीच्या ओल्या सिमेंटमध्ये पाऊल घातलं, थेट घोट्यापर्यंत.

कामगार ओरडले, मी ओरडले. चप्पल आतच राहिली. सुधाताईंनी एका बाईकडून तांब्या मागून घेतला, मला पायरीवर बसवलं आणि खाली वाकून माझा पाय स्वतः धुतला. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, सिमेंट वाळलं की कातडी जाते, गप्प बसा. तेव्हा मला त्या बाईविषयी एकदम माया वाटली. आता सगळं जुळलं असंच मी धरून चालले.

पण संध्याकाळी घरी आल्यावर त्या पुन्हा तेच म्हणाल्या. काठ कुठलाही असो, सिंहस्थ तो सिंहस्थच. वर्षभर थांबू या.

आणि माझा तोल सुटला. अकोल्यापासून लावलेलं कुलूप तुटलं. मी म्हणाले, साठ-सत्तर कोटी किलोमीटरवरचा तो वायूचा गोळा. त्याला नाशिक माहीत नाही, तुमचा समीर माहीत नाही, माझी मुक्ता माहीत नाही. त्याच्यासाठी तुम्ही दोन जिवांना दोन वर्षं तोडणार? बोलताना माझा आवाज कॉलनीभर गेला असणार.

सुधाताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी हातातली घडी पूर्ण केली.

"माझं लग्न सिंहस्थातच झालं होतं, ताई," त्या म्हणाल्या. "पंचवटीत."

मग त्या थांबत थांबत सांगत गेल्या. पत्रिका बघायला कुणाला वेळ नव्हता, त्यांनाच लग्नाची घाई होती. मुलगा आवडला होता, त्यांनीच वडिलांकडे हट्ट धरला. लग्नाला वर्ष व्हायच्या आत, समीर पोटात असताना, स्कूटरच्या अपघातात नवरा गेला. तेराव्याला सासूने सगळ्यांदेखत म्हटलं, सिंहस्थात घाई केलीस, माझा मुलगा खाल्लास. त्यानंतर सासरी कुणी त्यांना नाव घेऊन हाक मारली नाही. समीरला घेऊन त्या इकडे आल्या, नोकरी केली, त्याला वाढवलं. पंचवटीतली ती सासरची गल्ली लागली की त्या आजही मान वळवतात. "माझ्या घाईने एक गेला," त्या म्हणाल्या. "आता पोरांची घाई. माझी छाती होत नाही."

मी त्यांच्याजवळ बसून उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागले. गोळा आणि किलोमीटर माझ्या तोंडात कडू झाले होते.

झोप लागली नाही. पहाट व्हायच्या आधीच मी गच्चीवर गेले. पाणी भरायच्या वेळेला उठायची सुधाताईंची सवय, त्याही मागोमाग शाल घेऊन आल्या. थंडी चांगलीच पडली होती. मग त्यांनीच विचारलं, "तो दिसतो का हो इथून?"

मला आधी कळलंच नाही कोण. इतकी वर्षं ज्याच्या धाकात काढली, त्याला या बाईने कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्यासाठी तो पत्रिकेच्या चौकटीतलं एक अक्षर होता.

पूर्वेला शुक्र झगझगत होता. त्या म्हणाल्या, हाच ना? मी म्हटलं, हा शुक्र, मान अजून वर करा. अगदी डोक्यावर सिंहाच्या मानेचा आकडा होता, कोयत्यासारखा वळलेला. मुठीच्या जागी मघा नक्षत्राचा ठळक तारा, आणि त्याच्याजवळ त्याच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी, पिवळसर गुरू. मघा लुकलुकत होती. गुरू लुकलुकत नव्हता. तारे फार लांबचे, नुसते ठिपके, म्हणून हवेने त्यांचा उजेड थरथरतो. ग्रह त्या मानाने जवळचे, म्हणून ते स्थिर दिसतात, हे मी सांगितलं. शेजारी तांबूस मंगळही होता, पण त्याचं नाव मी मुद्दाम काढलं नाही. एका वेळी एक ग्रह पुरे.

सुधाताई मान दुखेपर्यंत बघत राहिल्या.

"किती शांत आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या लग्नातही इथेच होता?"

"इथेच. याच राशीत."

"आणि त्याला आमचं काही माहीत नव्हतं."

"काहीच नाही."

"मग माझं काही चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. विचारत होत्या की सांगत होत्या, कळेना.

"तुमचं काहीही चुकलं नव्हतं, सुधाताई," मी म्हणाले. त्या तोंडावर शाल धरून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

उजाडल्यावर त्यांनी मला मिसळ खायला नेलं. नाशकात मिसळीबरोबर पापड देतात, तो चुरून घालायचा. खाता खाता त्याच म्हणाल्या की तारीख तीच ठेवू, फक्त कार्यालय नाशिक रोडचं बघू, नदीच्या अलीकडचं. उगाच कशाला. मी लगेच म्हटलं, हो, उगाच कशाला. माझी काही हरकत नव्हती. त्यांनी मला माझ्या मापाच्या नव्या चपला घेऊन दिल्या आणि गाडीत बसवलं. गोदावरीचा पूल ओलांडताना मुक्ताचा फोन आला. भांडलीस का, तिने विचारलं. मी म्हटलं, थोडं. मनमाड गेलं, भुसावळ गेलं, आणि मी जागची उठले नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेच सुधाताईंचा फोन आला. आकाश ढगाळ आहे, दिसत नाही, तुमच्याकडे आहे का, असं त्यांनी विचारलं. मी अंगणात जाऊन पाहिलं. आहे, म्हटलं, कालच्यासारखाच.

"बरं झालं. कार्यालय बदलू नका, ताई," त्या म्हणाल्या. "पंचवटीतलंच राहू द्या. माझी सून मला त्याच गल्लीतून घरी आणायची आहे. मी मान वर करून चालणार आहे."

मी, आयुष्यभर वर्गात ग्रह-तारे शिकवलेली बाई, आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "सुधाताई, नक्की ना? नाशिक रोडचंही कार्यालय चांगलं आहे. म्हणजे, उगाच कशाला..."

तिकडून त्या हसल्या, मोकळ्या, पदराआड न लपता.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "त्याला आपलं काही माहीत नाही."