वाफ जिरेपर्यंत

आमच्या वहिनीला ऑफिसात सगळे थांबाताई म्हणतात, आणि हे नाव मीच पाडलंय. तिच्याच ऑफिसात मी तक्रारींचा फोन घेते. घरी मी कुकरची शिट्टी उचलून वाफ काढायला गेले की ती हात धरते. "थांब, जिरू दे." माझा जीव वरखाली होतो. पण तिच्या कुकरने कधी छत रंगवलं नाही, माझ्या कुकरने रंगवलंय.

देशातल्या सगळ्या वेबसाइटांच्या पत्त्यांची मुख्य यादी आमच्या ऑफिसात असते. प्रत्येक पत्त्यावर आमचा शिक्का, म्हणजे पत्ता खरा असल्याची खूण. एके दिवशी शिक्के मारणारी मशीनच बंद पडली, शिक्के शिळे झाले आणि जगभरच्या कंप्युटरांनी आमचे पत्ते नाकारले. बँका, दवाखाने, सगळं ठप्प. फोन घेऊन घेऊन माझा घसा बसला. शेवटी वहिनीने आमच्या यादीच्याही वर असलेल्या साऱ्या जगाच्या यादीतून 'यांचा शिक्का तपासा' ही नोंद काढून घेतली. वेबसाइट उघडल्या, पण बिनशिक्क्याच्या. बँकेच्या नावाखाली लोकांना भलत्याच दारी न्यायला चोर मोकळे.

नवी मशीन बसली, नवा शिक्का तयार झाला. साहेबांना भलतीच घाई. "नोंद आजच परत घाला. संध्याकाळी पत्रकार येणार आहेत."

"थांबा," वहिनी म्हणाली. "बाहेरच्या कंप्युटरांच्या आठवणीत अजून जुनाच शिक्का आहे. ते विसरायच्या आत नोंद घातली तर नवी नोंद आणि जुना शिक्का जुळणार नाहीत, पुन्हा सगळं बंद पडेल. उद्या दुपारी घालते."

"मग उद्या त्या खुर्चीत दुसरं कोणी असेल."

"असू दे. त्यालाही दुपारपर्यंत थांबावंच लागेल."

साहेब पाय आपटत गेले. दादा आजारपणामुळे घरी, सगळं घर हिच्या जिवावर. मी तिला म्हटलं, "घालून टाक ना बाई. आपलं काय जातंय?"

"दवाखान्यातून फोन करणारी ती बाई रडत होती म्हणालीस ना? तो फोन परत घ्यायचाय तुला?"

मी आपली फोनकडे वळले.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत तीच होती. साहेब नुसतेच गुरगुरले होते. तिने ठिकठिकाणच्या कंप्युटरांवर तपासून पाहिलं, जुना शिक्का कुठेच उरला नव्हता. मग नोंद घातली. मी फोनसमोर बसून राहिले. वाजेना. मेला की काय म्हणून रिसीव्हर उचलून पाहिला, तर टोन येत होता.

तेवढ्यात वहिनी आली, माझ्या शेजारी बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. इतके दिवस तिच्याही आत वाफ कोंडली होती, आणि मी मेली तिची चेष्टा करत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थांब म्हटलं नाही.