सोयरिकीला हवा एक सरदार

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. इतिहास घेऊन. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. माझ्याआधी आमच्यातला एकच माणूस कॉलेजच्या फाटकातून आत गेला होता, तोही सुतळीची बंडलं पोचवायला. ते माझे वडील. हैदराबादला अफझलगंजात त्यांचं सुतळी-दोरखंडाचं दुकान आहे.

माझ्या शिक्षणाचा मला अभिमान आहे आणि घरच्यांना ताप. लोकांना वाटतं इतिहास म्हणजे राजे आणि सनावळ्या. मला त्यात भलतंच सापडत गेलं. युरोपातल्या बड्या लोकांच्या कवळीत लढाईत मेलेल्या पोरांचे दात असायचे, ते प्रेतांच्या तोंडातून उपटून आणणारी माणसं होती. गोरं दिसावं म्हणून उमराव बायका तोंडाला शिशाची पांढरी भुकटी फासायच्या, आणि कातडी बिघडली की झाकायला वरून आणखी एक थर द्यायच्या. चित्रकार इजिप्तची मढी कुटून तपकिरी रंग करायचे आणि ती चित्रं लोक दिवाणखान्यात टांगायचे. हे सगळं मला जेवतानाच आठवतं, त्याला मी काय करू?

एकदा आई चारमिनारजवळून लाखेच्या बांगड्या घेऊन आली. मी सांगितलं, "आई, लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांनी अंगातून सोडलेला चीक."

आई म्हणाली, "हौ का? मग तुझी बायको येईल तिच्यासाठी पण एक जोड आणून ठेवते."

असं सगळं ठीक चाललं होतं. मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरायला आलं. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मुलगा तिनंच तिथला पसंत केला. त्याच्या घरचे मूळ पुण्याचे, आता हिमायतनगरला फ्लॅटमध्ये राहतात. जात जुळली, पत्रिका जुळली, पोरगं तर केव्हाचं जुळलेलं. अडलं ते मुलाच्या वडिलांच्या फोनवर.

"आमच्याकडे लग्नात दोन्ही घराण्यांचा इतिहास सांगतात बरं का," ते माझ्या वडिलांना म्हणाले. "अंतरपाट धरायच्या आधी तुतारी वाजते. मग निवेदक आमच्या पूर्वजांवर बोलतो, मग तुमच्या. तेवढी माहिती घेऊन रविवारी या. काय आहे, आमच्या नातेवाइकांत विचारतात हो."

विचारतात म्हणजे काय, ते आम्हाला कळलं. पूर्वज बरा निघाला तर लग्न.

वडिलांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू हिस्ट्रीत बी.ए. ना? एक सरदार काढ."

"असा कसा काढू? काय गोदामातला माल आहे?"

"मग इतकी वर्षं काय शिकाय लागला होतास?"

खरं म्हणजे वडिलांचं चुकलं नव्हतं. आजकाल लग्नाच्या हॉलमध्ये जावं तर प्रत्येकाचा पणजोबा सरदार. इतके सरदार होते, तर घोड्याची लीद काढायला कोण होतं? पखालीतून पाणी कोण वाहत होतं? त्या लोकांना पोरंबाळं झालीच नाहीत की काय? मी हे बोलून दाखवलं. बहीण तिथंच बसली होती.

"दादा," ती म्हणाली, "त्याच्या घरच्यांना तयार करता करता माझा जीव गेलाय. तुझ्या लिदेपायी लग्न मोडलं ना, तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही."

मी जरा नरमलो. वडिलांना विचारलं, "बरं, आपले पूर्वज खरंच करायचे काय?"

"शेती."

"आणि शेती नसायची तेव्हा?"

वडिलांनी पेपर उघडला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सांगा की. पोरं मोठी झाली आता."

मग ते बाहेर पडलं. वडिलांचे आजोबा जळवा धरायचे. गावच्या तळ्यात मांडीइतक्या पाण्यात उघड्या पायांनी तासन् तास उभे राहायचे. जळवा येऊन चिकटायच्या, पोटभर प्यायच्या, मग हे त्यांना मडक्यात ओल्या मातीत ठेवायचे, तोंडाला फडकं बांधून चालत हैदराबादला आणायचे आणि हकिमांना विकायचे. गावात आम्हाला जळवेवाले म्हणत. वडिलांनी गाव सोडलं, सुतळीत शिरले, ते याच नावाला कंटाळून.

मी तर हरखलोच. जगभरचं चित्रविचित्र वाचत बसलो होतो, आणि घरात हा माणूस! स्वतःचं रक्त पाजून धंदा करणारा!

"हेच सांगायचं," मी म्हणालो.

"डोकं फिरलं का तुझं?" वडील ओरडले. "तिथं तोंड उघडू नको."

रविवारी आम्ही चौघं हिमायतनगरला गेलो. भिंतीवर तलवार होती. मुठीखाली दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं होतं. चहा आला आणि मुलाच्या वडिलांनी त्यांचे सरदार काढले. मोहिमेचं मी जरा खोलात विचारलं तशी मोहीम बदलली. दुसऱ्या मोहिमेत सरदार एकटेच किल्ल्यावर चढले होते.

"आता तुमचं येऊ द्या," ते म्हणाले. "तुम्ही तर इतिहासाचेच पदवीधर."

वडिलांनी माझ्या पायावर पाय ठेवला. पण मी अभ्यास केलेला माणूस, थेट विचारल्यावर खोटं कसं सांगू? मी तळं सांगितलं, मडकं सांगितलं, सगळं सांगितलं.

मुलाच्या आईनं पाय उचलून सोफ्यावर घेतले. बहीण माझ्याकडे अशी बघत होती की तिथली तलवार धार नसलेली होती हेच बरं.

"जळवा," मुलाचे वडील सावकाश म्हणाले. "त्या काय कामाला यायच्या?"

"अंगात वाईट रक्त साठलं असं वाटलं की लावायचे, काका. गळू झालं, सूज आली तरी लावायचे. सरदारांना तर फार लागायच्या. दिवसभर खोगिरावर बसून नको तिथं गळवं यायची."

"आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं."

"का? घोड्यावर बसत नव्हते?"

मुलगा फस्सकन हसला आणि चहा त्याच्या नाकात गेला. वडिलांनी माझ्या पायावरचा पाय आणखी दाबला. मुलाच्या वडिलांनी मात्र डोळे बारीक केले होते. माणूस विचार करत होता.

"हे हकीम, ते मोठ्या लोकांकडे जायचे असतील ना?"

"नवाबांच्या देवड्यांमध्ये, म्हणजे वाड्यांमध्ये, जात असतील."

"म्हणजे दरबारीच. म्हणजे तुमचे पूर्वज राजवैद्यांच्या मंडळात होते."

"नाही हो काका, तळ्यात होते."

"पाण्यात तासन् तास उभं राहणं, ही तपश्चर्याच म्हणायची. आपण साधं ठेवू, राजवैद्य घराणं. ऐकायलाही बरं."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बहीण म्हणाली, "काका, दादाला कशाला विचारता? आजोबा बाबांचे. बाबा म्हणतील ते."

सगळे वडिलांकडे वळले. दोरखंडाचा माणूस, आयुष्यभर ताणून बघूनच माल दिला. त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"लावा राजवैद्य," ते म्हणाले. "आणखी काही म्हणू नका फक्त."

त्यांनी ते म्हटलं तेव्हा मला राग आला. मग वाटलं, जन्मभर जळवेवाले ऐकलेल्या माणसाला एक दिवस दुसरं काही ऐकायचं असेल तर मी कोण अडवणारा? बी.ए. असलो म्हणून काय झालं?

लग्न थाटात झालं. तुतारी वाजली, सरदार पुन्हा एकदा किल्ल्यावर चढले, या वेळी पावसात. मग निवेदकानं आवाज खाली आणला आणि आमच्या राजवैद्य घराण्यानं किती जीव वाचवले ते सांगितलं. माझ्या आईनं डोळे पुसले. तिला खरी गोष्ट ठाऊक होती, तरी पुसले.

अक्षता पडल्यावर जेवणं सुरू झाली. पाहतो तर वडिलांच्या खुर्चीभोवती गर्दी. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाच्या पायाच्या फुगलेल्या शिरा. मुलाच्या काकांनी तर मोजा काढून पाऊल पुढं केलं होतं. वडील फेटा सावरत, अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत होते, "कोमट पाण्यात मीठ टाकून पाय ठेवा. आणि डॉक्टरला दाखवा."

"बघा, हातचं राखून सांगतात," एकजण म्हणाला. "जुनी विद्या अशी उघड करत नाहीत."

निघताना बहीण रडत रडत माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "दादा, आता झालं माझं. सांग कुणाला सांगायचं ते."

मीही मग वाट पाहिली नाही. गाडी गेली आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या काकांना मी सगळं सांगून टाकलं. वैद्य-बिद्य कुणी नव्हतं, आमचे पणजोबा तळ्यात उभे राहून जळवा धरायचे, बास.

काका एका पायात मोजा, एका पायात नाही असे उभे होते. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"केवढा विनय!" ते म्हणाले. "मोठ्या घराण्यातच असतो हा."